खडा बसवायचा तर आधी हात बसला पाहिजे



या अंकात दागिन्यात खडे बसवण्याच्या कामाबद्दल लिहिते आहे. गेले काही महिने मासिक बैठकांमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. "मॅडम, मोबाईलवर मेसेज आलाय. घरबसल्या खडे लावायचं काम आहे म्हणे. घेऊ का?" एका गटातल्या चौघींनी तर अंतर्गत कर्ज काढून अनामत भरली. साहित्याची पेटी घरी आली, चौघींनी रात्री जागून माल तयार केला, आणि "फिनिशिंग नीट नाही" म्हणून निम्मा माल परत आला. अनामत अजून मिळालेली नाही, आणि गटाचा हप्ता मात्र चालू आहे.

दुसरीकडे, जिल्हा परिषदेच्या कामाला औरंगपुऱ्यात आलेल्या आपल्या ताया काम झालं की गुलमंडीकडे वळतात. दुकानातली नथ, ठुशी हातात घेऊन उलटीपालटी करून बघतात आणि म्हणतात, "हे तर आपल्यालाही जमेल की."

जमेल का? काही काम पंधरा दिवसांत जमेल, काही कामाला दोन-तीन वर्षं लागतील. कोणतं काम कोणतं, हे पैसे भरायच्या आधी कळलं पाहिजे. म्हणून हा लेख.

चिकटवणं आणि बसवणं

आपण दोन्हीला "खडे लावणं" म्हणतो, पण ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम चिकटवायचं. साचा तयार येतो, खडे काचेचे असतात, मागून सपाट आणि पाठीला चकचकीत लेप दिलेला. आपण गोंदाचा थेंब टाकायचा आणि चिमट्याने खडा ठेवायचा. राख्या, बाजारातल्या नकली अंगठ्या, साडीच्या पिना हे सगळं यातलं. आठ-पंधरा दिवसांत हात बरा चालतो. पण जे काम आठ दिवसांत शिकता येतं ते कुणालाही शिकता येतं, म्हणून त्याची मजुरी नेहमी कमीच राहते.

दुसरं काम बसवायचं. इथे खडा गोंदाने धरलेला नसतो, धातूने धरलेला असतो. सोनं किंवा चांदी खड्याच्या कडेवर इतकी बेताने दाबायची की खडा हलणार नाही आणि फुटणारही नाही. हे काम येणाऱ्या माणसाला कारखानदार शोधत येतो. पण ते शिकायला वेळ लागतो, आणि शिकवणारं कुणीतरी शेजारी लागतं.

मोबाईलवरचे मेसेज पहिल्या कामाचे असतात आणि स्वप्न दुसऱ्या कामाच्या कमाईचं दाखवतात. फसगत तिथेच होते.

धातू खड्याला धरतो कसा?

आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, कोंदण. लग्नात कुणी म्हणतं, "हिऱ्याला साजेसं कोंदण मिळालं." कोंदण म्हणजे खड्याभोवतीचं धातूचं घर. धातूची पातळ पट्टी खड्याच्या मापाने वळवायची, तिची दोन टोकं डाग देऊन जोडायची, ती तळाच्या पत्र्यावर बसवायची. मग त्यात खडा ठेवायचा आणि पट्टीची वरची कड गुळगुळीत टोकाच्या पोलादी हत्याराने आत ढकलायची.

इथे खरी गंमत आहे. कड एका बाजूने सलग दाबत गेलं तर खडा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि तिरका बसतो. म्हणून घड्याळ डोळ्यांपुढे आणायचं. आधी बाराच्या जागी दाबायचं, मग समोर सहाच्या. नंतर तीन, मग नऊ. त्यानंतर मधल्या जागा. आपण गोधडी शिवताना आधी चार कोपऱ्यांना टाके घालतो आणि मग मधलं शिवतो, तसंच हे.

दुसरी रीत काट्यांची. खड्याभोवती चार किंवा सहा बारीक काटे उभे असतात आणि प्रत्येक काट्याचं टोक खड्यावर वाकवतात. काट्याच्या आतल्या बाजूला आधी एक बारीक खाच करावी लागते, खड्याची कड त्यात बसते. खाच खोल झाली तर काटा तुटतो, उथळ राहिली तर खडा डुगडुगतो.

तिसरी रीत कुंदनची. दागिना आतून पोकळ असतो आणि त्यात लाख भरलेली असते. लाखेत खड्यापुरती जागा करून तळाला चकचकीत पन्नी घालतात, तिला डांक म्हणतात. तिच्यामुळे खड्याला खालून उजेड मिळतो. वर खडा ठेवायचा आणि त्याच्या कडेने शुद्ध सोन्याच्या अगदी पातळ पट्ट्या पोलादी सळईने दाबत जायच्या. चोवीस कॅरेटचं सोनं इतकं मऊ असतं की दाब दिला की ते थंड असतानाच एकमेकांत मिसळून एकजीव होतं. डाग द्यायची गरज पडत नाही. बावीस कॅरेटचं सोनं तांबं वगैरे मिसळल्याने कडक होतं, त्याला हे जमत नाही.

चौथं काम मोत्यांचं, आणि ते आपल्या सगळ्यात ओळखीचं. मराठी नथीत मोती बसवत नाहीत, तारेत ओवून गुंफतात. मध्ये लाल आणि हिरवा खडा, भोवती मोती. तार किती ओढायची, फास कुठे द्यायचा, यावर नथीचा आकार ठरतो. नकली नथीतसुद्धा हे गुंफण हातानेच करावं लागतं. म्हणून चिकटवणं आणि बसवणं यांच्या मधली पायरी कोणती असं कुणी विचारलं, तर मी नथ सांगते.

अशीच मधली पायरी हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांची. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, लांब वळी करून बांगडीचा आकार द्यायचा आणि गरम असतानाच त्यात एकेक खडा, एकेक आरशाचा तुकडा दाबत जायचा. लाख थंड झाली की खडा पक्का. चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्या भागाचा दगडांशी जुना संबंध

हे काम आपल्याकडचं नाही, बाहेरून आलंय, असं कुणी म्हणालं तर पैठणचं नाव सांगा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' नावाने ती ओळखली जाते. तिच्यात पैठण आहे आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हेही आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे रंगीत दगड गाड्यांत भरून भडोच बंदराला जात, असं त्यात म्हटलंय. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर होतं. पैठणला आणि तेरला उत्खननात जुने मणी सापडले आहेत. तेरच्या संग्रहालयात ते बघता येतात. गटाची सहल निघाली तर जरूर थांबा.

अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. त्याचा मुकुट, गळ्यातला मोत्यांचा हार. चित्रकाराने हे इतकं बारीक काढलंय, म्हणजे असे दागिने त्याने जवळून पाहिले असणार.

पुढे हे शहर दख्खनच्या सुभ्याचं ठाणं झालं, नंतर निजामाची पहिली राजधानी. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली. जिथे दरबार तिथे जवाहिरे, त्यामुळे जडावाची मोठी पेठ तिकडे वाढली. आपल्याकडे सराफा राहिला. आता तिथल्या, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांच्या सराफ्यातल्या, लहान लहान खोल्यांत बारीक काम करणारे अनेक कारागीर पश्चिम बंगालमधून आलेले असतात. ते लहानपणापासून शिकून येतात. आपल्याकडच्या बऱ्याच सोनार घरांत मात्र पुढची पिढी शिकून नोकरीला लागली किंवा तयार माल विकायला बसली. त्यामुळे शिकवणारे हात दरवर्षी कमी होताहेत.

विद्या घरातच का राहिली?

याचं कारण मालाच्या किमतीत आहे. सुताराच्या शिकाऊ पोराने फळी चुकीची कापली तर नुकसान थोडं होतं. सोनाराच्या शिकाऊ पोराने एक पाचू फोडला तर महिन्याची कमाई जाते. कामाच्या जागेवर पडलेली धूळही वाया जात नाही. झारेकरी ती विकत घेतात, धुतात आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. जिथे धुळीलाही भाव, तिथे परक्या माणसाला बाजूला बसवणार कोण? म्हणून विद्या बापाकडून मुलाकडे गेली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, म्हणून तिला पूर्ण काम सहसा शिकवलं गेलं नाही.

पण याच घरांतल्या बायका काय करत होत्या ते बघा. खडे मापाप्रमाणे निवडणं, मोती ओवणं, दोऱ्यात गाठवणं, दागिना धुऊन उजळणं, लाख कुटणं. म्हणजे बरंचसं काम त्या करत होत्या, पण त्यांना कारागीर असं कुणी म्हणालं नाही आणि मजुरीही वेगळी मिळाली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे एक पैंजण एकाच घरात पूर्ण होत नाही. तार ओढणं एका ठिकाणी, कड्या जोडणं दुसरीकडे, घुंगरू लावणं तिसरीकडे, उजळणं आणखी कुठे. यातली बरीच कामं घरात बसून बायका करतात. आपल्या गटांनी यातून एक गोष्ट घ्यावी. सगळ्या जणींना सगळं यायची गरज नाही, पण प्रत्येकीला एक टप्पा पक्का आला पाहिजे आणि त्या टप्प्याची मजुरी तिच्या नावावर लिहिली गेली पाहिजे. सगळे टप्पे जाणणारी एक तरी जण गावात असली, तर बाहेरचा व्यापारी आपल्याला हवं तसं नाचवू शकत नाही.

शिकायचं असेल तर कोणत्या क्रमाने?

कारखान्यात नवीन मुलाला पहिल्या दिवशी कुणी खडा देत नाही. आपणही त्याच क्रमाने गेलो तर माल वाया जात नाही.

१. ओळख. खडे निवडायचे, मापाप्रमाणे वेगळे करायचे. चिमट्याने खडा उचलायचा, न पाडता ठेवायचा. फार बारीक खडा चिमट्यात उडतो, तो काडीच्या टोकाला मधमाशीचं मेण लावून उचलतात. हे महिनाभर तरी करावं.

२. तार. तांब्याची किंवा पितळेची तार वळवणं, फास देणं, टोक आत दडवणं. याच टप्प्यावर नकली मोत्यांची नथ करायला घ्यावी. हिला गिऱ्हाईक मिळतं, म्हणजे शिकता शिकता चार पैसे येतात.

३. घर. तांब्याच्या पट्टीचं कोंदण करणं, कानसने कड सारखी करणं, त्यात काचेचा स्वस्त खडा बसवणं. पहिले पन्नास बिघडतील. ते टाकून देऊ नका. एका पाटीवर ओळीने लावून ठेवा, म्हणजे पहिला आणि पन्नासावा शेजारी शेजारी दिसतील.

४. चांदी. तांब्यात हात सारखा चालायला लागला की मगच चांदी.

५. सोनं आणि खरे खडे. हे कारागिराच्या नजरेखालीच करायचं. गटाच्या पातळीवर इथपर्यंत एखादीच पोचेल, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

काम बरोबर झालं की नाही हे ओळखायच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. ओढणीचा पदर दागिन्यावरून हलकेच फिरवा, धागा अडकला तर काटा वर राहिलाय. मग दागिना कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारा, बारीक टकटक आली तर खडा सैल आहे. घेणारा व्यापारीही असंच तपासतो. आपण आधी तपासलं तर माल परत यायचा नाही.

दगडाचा स्वभावही ओळखावा लागतो. कडकपणा मोजायची एक ते दहाची पट्टी आहे. हिरा दहावर, माणिक आणि नीलम नऊवर, पाचू साडेसात ते आठच्या मध्ये, अकीक सातच्या आसपास, साधी काच साडेपाचच्या जवळ आणि मोती चारच्याही खाली. पण कडक म्हणजे न फुटणारा असं नाही. पाचूत नैसर्गिक चिरा असतात, तो दाबाने फुटतो. हिरासुद्धा ठरावीक दिशेने फटका बसला तर दुभंगतो. कोणत्या दगडाला किती दाब सोसतो हे व्हिडिओ बघून कळत नाही. शेजारी बसलेला जाणकार म्हणतो, "बास, आता थांब", तेव्हा ते कळतं.

शिकवणाऱ्या हाताला मान आणि मजुरी

आपल्या प्रशिक्षणांची एक सवय झालीय. तीस जणी, दोन दिवस, समोर एक प्रशिक्षक, शेवटी फोटो आणि प्रमाणपत्र. लोणच्याच्या किंवा हिशेबाच्या प्रशिक्षणाला हे चालून जातं. या कामाला चालत नाही. इथे एका जाणकाराजवळ तीन-चार जणीच बसाव्यात, आठवड्यातून दोन दिवस, पण निदान सहा महिने.

गावात किंवा शेजारच्या गावात शोधा. सोनाराच्या घरातल्या एखाद्या आजी असतील, नथ गुंफणाऱ्या एखाद्या काकू असतील, सराफ्यात पंचवीस वर्षं काम करून गावी परतलेले एखादे मामा असतील. त्यांना विचारताना "जरा येऊन मुलींना दाखवा" असं फुकटात म्हणू नका. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करून दिवसाचं मानधन ठरवा. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते, हे लक्षात असू द्या. शिकणारीनेही काही द्यावं, म्हणजे ती खाडा करत नाही.

शिकताना दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, जाणकारांचे शब्द. हत्याराला, रीतीला, चुकीलासुद्धा त्यांच्याकडे नावं असतात. माणूस गेलं की शब्दही जातात. दुसरी, हाताचा व्हिडिओ. मोबाईल वरून धरा, चेहरा नाही दिसला तरी चालेल, दोन्ही हात आणि हत्याराचा कोन दिसला पाहिजे. व्हिडिओ नंतर उजळणीला उपयोगी पडतो. आधी परवानगी घ्या, आणि त्यांनी नाही म्हटलं तर टाकू नका.

आणखी एक. शिकलेल्या ताईने पुढच्या वर्षी दोघींना शिकवायचं, हे सुरुवातीलाच ठरवून टाका. "माझं गिऱ्हाईक जाईल" ही भीती प्रत्येकीला वाटते, आणि ती खोटी नाही. पण मोठी ऑर्डर एकटीला पेलत नाही. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात चार दिवसांत माल संपला तर पुन्हा माल करणाऱ्या चार जणी हव्यातच.

पैसे भरण्याआधी हा हिशेब करा

घरबसल्या कामाचा मेसेज आला की वही उघडा. समजा, एका नथीची मजुरी ६ रुपये सांगितलीय. तुमच्या हातून तासाला ४ नथी होतात आणि घरचं सगळं सांभाळून दिवसाला ५ तास मिळतात. म्हणजे २० नथी, १२० रुपये. दहातली एक नथ नाकारली तर राहिले १०८. माल पोचवायला आठवड्यातून एकदा शहरात यायचं, येऊन-जाऊन १२० रुपये धरले तर सहा दिवसांत वाटून रोजचे २० गेले. हातात राहिले ८८. अनामत ३,००० रुपये असेल तर ती फिटायलाच ३५ दिवस लागतात. तोवर तुम्ही स्वतःच्याच पैशावर राबताय.

हिशेब झाला की हे प्रश्न विचारा:

- काम देणाऱ्याचं दुकान किंवा कारखाना कुठे आहे? जाऊन बघता येईल का?
- अनामत कशासाठी? ती परत कधी मिळणार, हे लिहून देणार का?
- माल कोणत्या कारणांनी नाकारणार? पास झालेला एक नमुना आपल्याकडे ठेवायला देणार का?
- नाकारलेल्या मालाचं साहित्य कुणाच्या खात्यावर?
- मजुरी किती दिवसांत आणि बँकेत की रोख?

यातल्या एकाही प्रश्नाला "ते नंतर बघू" असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. पहिल्यांदा काम घेताना फक्त वीस-पंचवीस नगांचं घ्या. कच्चा माल थोडा स्वतः विकत आणून पाच नथी करून बघा, म्हणजे खरा खर्च कळतो. खऱ्या कामवाल्याला हे प्रश्न आवडतात, कारण त्यालाही टिकणारे हात हवे असतात.

सरकारी मदत कुठे?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद आहे. पण ही योजना आधीपासून हाताने हे काम करणाऱ्यांसाठी आहे, नव्याने शिकायला येणाऱ्यांसाठी नाही. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. म्हणून तुम्ही ज्यांच्याकडे शिकणार त्या काकू-मामांची नोंदणी आधी करून द्या. सामायिक सुविधा केंद्रात अर्ज होतो आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर पडताळणी होते.

नवीन शिकणाऱ्यांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, नकली दागिन्यांचं मोफत प्रशिक्षण कधी लागणार ते विचारावं. उमेदच्या तालुका कक्षात किंवा आपल्या सीआरपी ताईकडे नाव द्या. तिथे पाया तयार होतो. हात बसायला मात्र पुढे जाणकाराजवळच बसावं लागेल.

तब्येत आधी

दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसा. दर अर्ध्या तासाने नजर लांब टाका. चाळिशी लागली असेल तर आधी चष्मा करून घ्या, भिंगापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने खड्यावर पांढुरका धूर बसतो आणि डोळेही चुरचुरतात. दोन भाग मिसळून करायचा गोंद सावकाश वाळतो पण धरतो चांगला. तो उघड्या जागेत वापरा, हाताला लागू देऊ नका.

डाग देताना कॅडमियम असलेली झाळ कधीही घरात आणू नका. केडीएम सोनं हे नाव त्यातूनच आलंय. त्याचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे.

आणि खडे घासायचं, पैलू पाडायचं काम कुणी घरी करायला दिलं तर सरळ नाही म्हणा. गुजरातमधल्या खंभातला अकीक घासण्याचं काम घराघरांत चालतं. त्या बारीक धुळीने कामगारांना, आणि आजूबाजूला राहणाऱ्यांनाही, सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग झाला. तो बरा होत नाही. खडा बसवायचं काम घ्या, घासायचं नको.

तुमच्या पेटीतल्या दागिन्यासाठी

हे काम समजलं की घेणं-ठेवणंही शहाणपणाने होतं. माहेरचा जडावाचा दागिना रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकू नका. आतली लाख मऊ होते, पाणी पन्नीपर्यंत जातं आणि खडा काळवंडतो. कोरड्या मऊ कापडाने पुसणं पुरेसं. मोत्यांना लिंबू, व्हिनेगर, अत्तर लागू देऊ नका.

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक लागतो. बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. पण कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणून असा दागिना घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता, खड्यांचं वजन आणि खड्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. नाहीतर लाखेचं वजनही सोन्याच्या भावाने जातं. तारण ठेवायला गेलात की बँक खडे आणि लाख वजा करूनच कर्ज देते, तेव्हा बिल हाताशी असलेलं बरं.

पुढच्या बैठकीत

पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या: आपल्या गावात दागिन्याचं हातकाम कुणाला येतं? नाव, वय, काय येतं, शिकवायची तयारी आहे का, हे ठराव वहीत लिहा आणि यादी ग्रामसंघाकडे द्या. प्रभागसंघात सगळ्या गावांच्या याद्या एकत्र झाल्या की कोणत्या तीन-चार जणी कुणाकडे बसू शकतील, हे आपण मिळून ठरवू. ज्या चौघींची अनामत अडकली आहे, त्यांच्या पावत्या आणि मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवा. महासंघाच्या बैठकीत तो विषय घेतलेला आहे.

यादीत साठीच्या पुढच्या कुणाचं नाव असेल तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. त्याच आठवड्यात जाऊन भेटा.